पडदा छापणारी कळ

(नभोवाणीवरील भाषण)



आपल्या घरांतील किंवा कचेरींतील संगणकाच्या कळफलकाकडे एकवार नीट पाहिलें, तर वरच्या ओळींत उजव्या अंगास बहुधा एक कळ आढळेल. तिच्यावर ‘प्रिंट स्क्रीन’ हे दोन शब्द कोठें पूर्ण, तर कोठें तोडूनमोडून लिहिलेले असतात. त्यांचा सरळ अर्थ ‘पडदा छाप’ असा आहे. आज्ञा इतकी स्पष्ट असूनहि ती कळ दाबली असतां छापण्याचें यंत्र जागचें हालत नाहीं कीं कागदावर शाईचा ठिपका उमटत नाहीं. कांहीं संगणकांवर तर वरकरणी कांहींच घडत नाहीं; कांहींवर पडदा क्षणभर काळवंडतो आणि त्याचा हवा तेवढा भाग आंखून घेण्याची सोय पुढें येते. छापण्याचें नांव आहे, छापणें मात्र नाहीं.

नांव एक आणि काम दुसरें असें जेथें दिसतें, तेथें त्याच्या मागें बहुधा इतिहास दडलेला असतो. या कळीचेंहि तसेंच आहे. संगणकाच्या पडद्यावरील क्षणिक चित्र धरून ठेवण्याच्या खटपटीस आज सुमारें पाऊणशें वर्षें होत आलीं. त्या खटपटीची हकीकत आज थोडक्यांत आपणांस सांगण्याचा विचार आहे. ती निव्वळ यंत्राची हकीकत नाहीं. अस्सल कोणतें आणि नक्कल कोणती, हा जो आपल्या इतिहाससंशोधकांचा जुना प्रश्न, तो तिच्या अखेरीस आपल्या दाराशीं येऊन उभा राहतो.

संगणकाच्या बाल्यावस्थेंत पडदा हा त्याचा आवश्यक भाग नव्हताच. १९४६ सालीं जगापुढें आलेल्या ‘एनिॲक’ या अमेरिकन यंत्राचीं उत्तरें छिद्रें पाडलेल्या कार्डांवर येत. त्यानंतरहि बरींच वर्षें संगणकाशीं बोलावयाचें तें कार्डांनीं, कागदी फितींनीं किंवा टंकयंत्रानें, आणि त्याचें उत्तर घ्यावयाचें तेंहि कागदावर, अशीच वहिवाट होती. त्या व्यवस्थेंत समोर दिसणारें जपून कसें ठेवावें, हा प्रश्नच उद्भवत नसे. जें दिसे तें आधींच कागदावर असे.

प्रश्न निर्माण केला तो कॅथोड-किरण नलिकेनें. कांचेच्या या नलिकेच्या आंतील बाजूस एक प्रकाशणारा लेप दिलेला असतो आणि त्यावर इलेक्ट्रॉनांचा झोत फिरतो. झोत जेथें पडेल तेथें उजेड होतो आणि झोत पुढें सरकला कीं तो विझूं लागतो. चित्र डोळ्यांपुढें स्थिर दिसावयाचें तर तें पुनःपुन्हा काढीत राहिलें पाहिजे. म्हणजे पडद्यावरील अक्षर हें पाण्यावरची रेघच म्हणावयाचें. वीज गेली कीं तेंहि गेलें.

अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्यासंस्थेंत १९५१ सालीं ‘व्हर्लविंड’ नांवाचा संगणक कामास लागला. त्याच्या नलिकांवर आलेख आणि आकृति उमटत, आणि त्या टिकवून ठेवावयाच्या तर नलिकेसमोर कॅमेरा ठेवून त्यांचें छायाचित्र घ्यावें लागे. पडदा टिपण्याचा पहिला उपाय तो हाच. पुढें १९६३ सालीं त्याच संस्थेंत आयव्हन सदरलंड यांनीं ‘स्केचपॅड’ या विषयावर आपला प्रबंध सादर केला. प्रकाश-लेखणी हातीं धरून माणसानें पडद्यावर रेघ ओढावी आणि संगणकानें ती समजून घ्यावी, ही त्या काळीं नवलाची गोष्ट त्यांनीं साध्य केली होती. पण हें नवल प्रत्यक्ष पाहण्याचें भाग्य मूठभर लोकांसच लाभण्यासारखें होतें. कारण तसा संगणक दुसरीकडे नव्हता. इतरांनीं विश्वास ठेवावयाचा तो त्या प्रबंधांत छापलेल्या पडद्याच्या छायाचित्रांवर. यंत्र जेथें पोंचूं शकत नव्हतें तेथें यंत्राचें चित्र पोंचलें. पडद्याच्या चित्राचा हा जो साक्षीदाराचा गुण, तो अशा रीतीनें अगदीं आरंभापासून त्याच्या अंगीं आहे, हें ध्यानांत ठेवावें.

कॅमेऱ्यानें पडदा टिपणें हें काम दिसतें तितकें सोपें नव्हतें. खोलींत काळोख करावा लागे, नाहींतर खिडकीचें आणि छायाचित्रकाराचेंच प्रतिबिंब कांचेवर उतरे. नलिकेची कांच फुगीर असल्यामुळें सरळ रेघा कडेला वांकड्या येत. शिवाय पडद्यावरील चित्र सेकंदास पन्नास-साठ वेळां नव्यानें काढलें जात असल्यामुळें, कॅमेऱ्याची झडप फार चपळपणें उघडून मिटली तर अर्धेंच चित्र हातीं लागे आणि उरलेल्या जागीं काळा पट्टा येई. म्हणून कॅमेरा तिवईवर पक्का बसवून झडप सेकंदाच्या आठव्या-चौथ्या हिश्शाइतका वेळ उघडी ठेवणें भाग पडे. १९८० च्या सुमाराचीं संगणकविषयक मासिकें कोणाच्या संग्रहीं असतील, तर त्यांतील पडद्यांचीं चित्रें अंधारांत चमकणारीं आणि कडांना किंचित् वांकलेलीं कां, याचा उलगडा यावरून होईल.

हा खटाटोप टाळण्याचा एक मार्ग टेक्ट्रॉनिक्स या अमेरिकन कंपनीनें १९७० नंतरच्या दशकांत दाखविला. तिच्या पडद्यांची नलिकाच निराळ्या जातीची होती. एकदां काढलेली रेघ पुसून टाकीपर्यंत ती कांचेवर तशीच धरून ठेवी. अशा पडद्यास जोडावयाचें एक स्वतंत्र यंत्र कंपनी विकीत असे, आणि तें पडद्यावरील आकृति एका खास कागदावर उतरवून देई. मात्र हें सारें प्रयोगशाळांच्या आणि मोठ्या कारखान्यांच्या ऐपतीचें होतें.

खरी क्रांति झाली ती पडद्याकडे पाहण्याच्या दृष्टींत. कॅमेरा पडद्यावरचा प्रकाश टिपतो. परंतु तो प्रकाश येतो कोठून? संगणकाच्या स्मृतींतून. मग प्रकाशाच्या मागें धांवण्याऐवजीं स्मृतींतील मजकुराचीच प्रत कां काढूं नये? हा विचार आज उघड वाटतो, पण त्यास अनुकूल यंत्र आधीं तयार व्हावें लागलें. १९७३ सालीं कॅलिफोर्नियांतील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो संशोधन-केंद्रांत ‘आल्टो’ नांवाचा संगणक सिद्ध झाला. त्याच्या उभ्या पडद्यावर आडवे ६०६ आणि उभे ८०८ ठिपके होते, आणि प्रत्येक ठिपक्यासाठीं स्मृतींत एक स्वतंत्र घर राखून ठेवलेलें होतें. घरांत एक असला तर ठिपका एका रंगाचा, शून्य असला तर दुसऱ्या. या योजनेस मोल मोठें पडलें. सर्व पडदा रंगविण्यासाठीं त्या संगणकाची जवळजवळ निम्मी स्मृति खर्चीं पडे. पण त्याच्या बदल्यांत एक मोठी गोष्ट साधली. पडदा म्हणजे स्मृतींतील आंकड्यांचा एक तक्ता झाला, आणि तक्त्याची प्रत करावयास कॅमेरा लागत नाहीं.

आतां आपण आपल्या कळीकडे येऊं. १२ ऑगस्ट १९८१ रोजीं आय. बी. एम. या कंपनीनें आपला ‘पर्सनल कॉम्प्युटर’ बाजारांत आणला. त्याच्या ८३ कळींच्या फलकावर उजव्या शिफ्टच्या शेजारीं एक जोडकळ होती. नुसती दाबली तर तारकेचें चिन्ह उमटे. शिफ्ट धरून दाबली तर पडदा छापला जाई. येथें नांव आणि काम यांत तिळमात्र अंतर नव्हतें. पडद्यावर ८० अक्षरांची एक ओळ आणि अशा २५ ओळी, म्हणजे एकंदर दोन हजार अक्षरांच्या जागा होत्या. कळ दाबतांच संगणकाच्या कायम स्मृतींत कोरून ठेवलेली एक छोटी कार्यमालिका जागी होई. ती प्रथम पडद्यावरील खुणेची जागा लक्षांत ठेवी. मग वरच्या डाव्या कोपऱ्यापासून आरंभ करून एकेक अक्षर वाची आणि तें छापण्याच्या यंत्राकडे धाडी. ओळ संपली कीं दुसरी ओळ. आणि पंचवीस ओळी होतांच खूण पुनः मूळ जागीं नेऊन ठेवी. छापणें चालू असतांना कोणी उतावळेपणानें तीच कळ पुनः दाबली तर गोंधळ होऊं नये, म्हणून ‘काम चालू आहे’ अशी नोंदहि ती स्मृतींत करून ठेवी. घरांतील कर्त्या स्त्रीनें हातांतलें काम बाजूस ठेवून दारावरच्या पाहुण्यास वाटेस लावावें आणि पुनः तें काम जेथल्या तेथें उचलावें, तसाच हा प्रकार होता. संगणकाच्या परिभाषेंत अशा मध्येंच येणाऱ्या कामास ‘व्यत्यय’ म्हणावें, आणि पडदा छापण्याच्या व्यत्ययास पांचवा क्रमांक दिलेला होता.

या पांचव्या क्रमांकाची एक मौज आहे. ज्या इंटेल कंपनीचा गणनकण या संगणकांत बसविला होता, तिनें पहिले बत्तीस क्रमांक भावी उपयोगासाठीं आपल्याकडे राखून ठेवले होते. आय. बी. एम.च्या अभियंत्यांनीं त्याकडे काणाडोळा करून त्यांतले कांहीं वापरले. लवकरच इंटेलच्या पुढच्या गणनकणांत पांचवा क्रमांक भलत्याच कामीं आला. ठरविलेल्या मर्यादेबाहेरचा आंकडा आढळला तर धोक्याची सूचना देणें, हें तें काम. म्हणजे एखाद्या आज्ञावलींतील आंकडा मर्यादा ओलांडतांच धोक्याची सूचना मिळण्याऐवजीं पडदाच छापला जाण्याचा संभव उत्पन्न झाला! दुसऱ्याच्या राखीव जमिनीवर बांधलेलें घर हें असें केव्हांतरी अडचणींत येतें.

आणखी एक उणीव अशी होती कीं, ही कळ जाणे तीं केवळ अक्षरें. पडद्यावर आलेख किंवा चित्र असेल तर तिची मात्रा चालत नसे. १९८३ सालीं आलेल्या डॉस या कार्यप्रणालीच्या दुसऱ्या आवृत्तींत त्यासाठीं स्वतंत्र आज्ञा देण्यांत आली, आणि ठिपक्यांनीं छापणाऱ्या यंत्रांतून चित्रेंहि बाहेर पडूं लागलीं.

२४ जानेवारी १९८४ रोजीं ॲपल कंपनीचा ‘मॅकिंटॉश’ संगणक प्रसिद्ध झाला आणि या इतिहासास निराळें वळण मिळालें. त्याच्या फलकावर पडद्यासाठीं स्वतंत्र कळ नव्हती. कमांड आणि शिफ्ट या दोन कळी धरून आंकडा दाबावयाचा, अशी योजना होती. एक आणि दोन हे आंकडे तबकड्या बाहेर काढण्यासाठीं होते. चार दाबला तर छपाई होई. तीन दाबला तर मात्र छापणें नाहीं, कागद नाहीं. पडद्याचें चित्र तबकडीवर एका फाइलींत जाऊन बसे. त्या फाइलींस ‘स्क्रीन ०’, ‘स्क्रीन १’ अशीं नांवें आपोआप मिळत, आणि नवापर्यंत म्हणजे दहा चित्रें झालीं कीं जागा भरली. मॅकिंटॉशच्या काळ्यापांढऱ्या पडद्यावर ५१२ गुणिले ३४२, म्हणजे १,७५,१०४ ठिपके होते. ते साठविण्यास मूळ रूपांत २१,८८८ बाइट पुरत. आज खिशांतील टेलिफोननें घेतलेलें एकच चित्र याच्या कित्येक पट जागा अडवितें.

तिनाच्या आणि चाराच्या आंकड्यांत येवढें अंतर काय, असें कोणी विचारील. अंतर मोठें आहे. छापलेला कागद हा शेवट असतो. तो वाचावा, फायलीस लावावा, फार तर भिंतीवर टांगावा. फाइलींत गेलेलें चित्र ही सुरुवात असते. तें चित्रकलेच्या साधनानें उघडावें, त्यांत बाण काढावेत, नको तें पुसावें, लेखांत बसवावें, दुसऱ्यास धाडावें. कागदावरील प्रत बदलली तर खाडाखोड दिसते. फाइलींतील प्रत बदलली तर कांहींच दिसत नाहीं. सोय आणि संकट हीं जुळीं भावंडें येथें एकाच वेळीं जन्मास आलीं.

छापण्याची कळ छापेनाशी झाली ती त्यानंतर थोड्याच वर्षांत. पालो आल्टोच्या त्याच केंद्रांत लॅरी टेस्लर आणि त्यांचे सहकारी टिम मॉट यांनीं १९७० नंतरच्या दशकांत मजकूर कापणें, उचलणें आणि चिकटविणें ही आतां सर्वांच्या अंगवळणीं पडलेली पद्धति रूढ केली होती. उचललेली वस्तु चिकटवीपर्यंत ठेवावयाची जी अदृश्य जागा, तिला ‘क्लिपबोर्ड’ म्हणतात. मायक्रोसॉफ्टच्या ‘विंडोज’ची तिसरी आवृत्ति १९९० सालीं आली. तिच्यांत प्रिंट स्क्रीन दाबलें कीं सबंध पडद्याचें चित्र या अदृश्य जागेंत जाऊन बसे, आणि आल्ट धरून दाबलें तर फक्त चालू खिडकीचें. दरम्यान १०१ कळींच्या नव्या फलकावर या कळीस माथ्यावरच्या ओळींत स्वतंत्र जागा मिळाली होती. अशा रीतीनें कळीस मान मिळाला, जागा मिळाली, पण तिचें मूळचें काम गेलें. नांव मात्र कोणीं बदललें नाहीं. कारण तोंपर्यंत तें कोट्यवधि कळफलकांवर उमटून चुकलें होतें. आपल्याकडेहि पगारासाठीं ‘तनखा’ गेला आणि दुसरे शब्द आले. पण ‘दौलत’, ‘दफ्तर’, ‘फडणीस’ हीं नांवें कामें गेल्यावरहि आडनांवांत आणि शाळेच्या पिशवींत राहिलींच कीं!

पुढील मजल भराभर झाली. सबंध पडदा न घेतां हवा तेवढाच तुकडा आंखून घेण्याची सोय मॅकिंटॉशवर चाराच्या आंकड्यास मिळाली. विंडोजमध्यें त्यासाठीं ‘स्निपिंग टूल’ हें साधन आलें. २०१२ सालच्या विंडोजच्या आठव्या आवृत्तींत विंडोजची कळ धरून प्रिंट स्क्रीन दाबलें असतां चित्र आपोआप फाइल होऊन साठूं लागलें. हवा तो भाग घेण्यासाठीं विंडोज, शिफ्ट आणि ‘एस्’ या तीन कळींचा मेळ रूढ झाला. २०१८ सालीं मॅकिंटॉशवर कमांड, शिफ्ट आणि पांच यांनीं सर्व पर्याय एकत्र उघडूं लागले. आणि २०२३ पासून विंडोजच्या अकराव्या आवृत्तींत नुसती प्रिंट स्क्रीन दाबली तरी तुकडा आंखण्याचें साधनच पुढें येऊं लागलें. २००८ नंतर आयफोनवर आणि २०११ नंतर अँड्रॉइडच्या टेलिफोनवर दोन बटणें एकदम दाबून हें काम होऊं लागलें, आणि जें कौशल्य कचेरीपुरतें होतें तें स्वयंपाकघरापर्यंत पोंचलें.

येथें या इतिहासाचा उत्तरार्ध सुरू होतो, आणि तो आपणां सर्वांच्या निकटचा आहे. आज रेल्वेचें तिकीट, बँकेची पोंचपावती, शाळेची सूचना, कोणाचा अपमानकारक संदेश, या साऱ्यांचें चित्र घेऊन ठेवण्याची घरोघर संवय झाली आहे. ‘माझ्याजवळ स्क्रीनशॉट आहे’ असें म्हटलें कीं भांडण मिटलें, असा लोकांचा समज दिसतो. ‘स्नॅपचॅट’ नांवाच्या साधनानें तर पाहतांच नाहींसे होणारे संदेश सुरू केले, तेव्हां कोणीं पडद्याचें चित्र घेतलें तर तें धाडणाऱ्यास कळविण्याचीहि व्यवस्था केली. बोलणें हवेंत विरावें अशी एकाची इच्छा, आणि तें धरून ठेवावें अशी दुसऱ्याची. या दोहोंच्या ओढाताणींत ही कळ सांपडली आहे.

परंतु पडद्याचें चित्र साक्ष देतें तें कशाची? अमुक क्षणीं अमुक ठिपके अमुक रंगाचे होते, येवढ्याचीच. ते ठिपके तसे कां होते, मजकूर कोणीं लिहिला, तो मुळाबरहुकूम होता कीं चित्र घेण्यापूर्वीं कोणीं पडद्यावरच बदलला होता, यांपैकीं कशाचीहि हमी तें देत नाहीं. जाणत्या माणसास पडद्यावरील आंकडा बदलून त्याचें चित्र घेण्यास दोन मिनिटेंहि लागत नाहींत. अशा चित्रांत चित्र म्हणून खोटें कांहींच नसतें. खोटें असतें तें पडद्यावर.

आपल्या देशांतील कायद्यानें ही अडचण ओळखली आहे. २००० सालच्या माहिती-तंत्रज्ञानविषयक कायद्यानें जुन्या पुराव्याच्या कायद्यांत कलम ६५-ब घातलें आणि संगणकावरून निघालेल्या प्रतीबरोबर प्रमाणपत्र मागितलें. तें प्रमाणपत्र सक्तीचें कीं नाहीं, यावर मतभेद माजले. त्यांचा अखेरचा निकाल ज्या खटल्यांत लागला तो आपल्या महाराष्ट्रांतलाच. जालना विधानसभा-मतदारसंघांतील २०१४ सालच्या निवडणुकींत नामनिर्देशनपत्रें मुदतींत दाखल झालीं कीं नाहीं, हा वाद होता, आणि पुरावा म्हणून अधिकाऱ्याच्या कचेरींतील चलच्चित्रण पुढें आलें होतें. सर्वोच्च न्यायालयानें १४ जुलै २०२० रोजीं निर्णय दिला कीं, मूळ यंत्रच न्यायालयासमोर आणून सिद्ध केलें तर गोष्ट वेगळी. प्रत दाखल करावयाची तर प्रमाणपत्र पाहिजेच. १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमानेंहि प्रमाणपत्र कायम ठेवलें आहे. शिवाय त्याच्या नमुन्यांत फाइलीचा ‘हॅश’ नमूद करावयाचा आहे. हॅश म्हणजे फाइलींतील सर्व आंकड्यांवरून गणितानें काढलेली एक खूण. फाइलींत एक ठिपका बदलला तरी खूण पार बदलते.

मराठी इतिहासाच्या वाचकांस ही कल्पना परकी वाटूं नये. मजकूर जेथें संपला तेथें मोर्तब उठविण्याची आपल्या जुन्या पत्रांतील चाल कशासाठीं होती? मागाहून कोणीं एखादी ओळ खालीं घुसडूं नये यासाठींच. राजवाड्यांनीं १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें प्रसिद्ध करण्यास आरंभ केला, त्या परंपरेनें महाराष्ट्रास एक धडा घालून दिला. पत्र कोणाच्या दफ्तरांत सांपडलें, अस्सल आहे कीं नक्कल, शिक्का कोठें आहे, तारीख जुळते कीं नाहीं, हें पाहिल्यावांचून त्यावर इमारत उभारूं नये. तोच धडा आतां प्रत्येक गृहस्थास आपल्या खिशांतील दफ्तरासाठीं गिरवावा लागणार आहे.

म्हणून महत्त्वाच्या प्रसंगीं पडद्याचें चित्र घ्यावें तर अवश्य घ्यावें, पण तेवढ्यावर विसंबूं नये. सबंध खिडकी घ्यावी, म्हणजे पत्ता, तारीख आणि वेळ चित्रांत येतील. सोयीचा तुकडा कापून ठेवण्यापेक्षां मागचा-पुढचा मजकूर राहूं द्यावा. आणि मुख्य म्हणजे मूळ संदेश, मूळ पत्र, ज्या टेलिफोनवर तें आलें तो टेलिफोन, यांतलें कांहींहि चित्र मिळालें म्हणून टाकूं नये. तसेंच दुसऱ्यानें दाखविलेल्या चित्रावरून कोणाच्या अब्रूचा निवाडा करण्यापूर्वीं मूळ पाहण्याचा आग्रह धरावा. एका खोट्या चित्रानें गेलेलें नांव दहा खऱ्या चित्रांनीं परत येत नाहीं.

काळोख्या खोलींतील तिवईवरच्या कॅमेऱ्यापासून दोन बोटांच्या चिमटींत येणाऱ्या टेलिफोनपर्यंत या विद्येनें मोठी मजल मारली. पडद्याची नक्कल काढण्याचे श्रम जवळजवळ शून्यावर आले. अस्सल ओळखण्याचे श्रम मात्र पूर्वींइतकेच राहिले आहेत, किंबहुना वाढले आहेत, आणि ते कोणतीहि कळ आपल्यासाठीं करणार नाहीं.